प्रोसेसरच्या नावातले शेवटचे अक्षर

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

विंडोज १० ची नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्यापासून, घरातला जुना डेस्कटॉप मोडीत न काढता मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम तेवढे बदलून घ्यावे, असा विचार अनेक जण करीत आहेत. मीही तेच केले. कोटेशनवर 'आय-५, बारावी पिढी' एवढेच लिहिले होते आणि तेवढ्यावर मी पैसे भरले. घरी जोडणी झाली, पंखे फिरू लागले, मॉनिटरवर मात्र 'नो सिग्नल'. दोन दिवस केबल आणि रॅम काढून-घालून पाहिल्यावर खोक्यावरचे १२४००एफ नीट वाचले, तेव्हा उलगडा झाला.

इंटेलच्या १२४०० आणि १२४००एफ या दोन्ही प्रोसेसरना सहा कोअर, बारा थ्रेड आणि सारखाच वेग आहे. फरक एवढाच की, 'एफ' असलेल्यात ग्राफिक्सचा भाग वापरता येत नाही. मदरबोर्डच्या पाठीवर एचडीएमआयची जागा दोन्ही वेळा दिसते, म्हणून ग्राहक गाफील राहतो. पण ती केवळ बाहेर पडण्याची वाट आहे, चित्र तयार करण्याचे काम प्रोसेसरचे किंवा स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाचे असते. ज्याला गेमसाठी कार्ड बसवायचेच आहे त्याच्यासाठी 'एफ' हा सहसा स्वस्त पडणारा, चांगला पर्याय आहे. माझ्यासारख्या, हिशेब आणि टंकलेखन करणाऱ्या माणसाला मात्र ती बचत कार्डाच्या खर्चात घालवावी लागते.

'के' या अक्षराचीही अशीच गोष्ट. त्यामुळे प्रोसेसरचा वेग ठरावीक मर्यादेपलीकडे वाढवण्याची मोकळीक मिळते, पण बाराव्या पिढीत ती वापरायला झेड६९० सारखा महाग मदरबोर्ड लागतो, शिवाय खोक्यात कूलर येत नाही. 'टी' म्हणजे ३५ वॉटचा, लहान कॅबिनेटला सोयीचा.

इंटेलची प्रतिस्पर्धी कंपनी एएमडी, तिच्याकडे गणित उलटे आहे. रायझन ५ ५६०० आणि ५६००एक्स यांत ग्राफिक्स नाही. ते हवे तर ५६००जी घ्यावा लागतो, आणि त्यात एल-३ कॅश, म्हणजे प्रोसेसरमधलीच जलद स्मृती, ३२ ऐवजी १६ एमबी असते, म्हणजे 'जी' ही नुसती बेरीज नव्हे. पुढे २०२२ मध्ये आलेल्या डेस्कटॉपच्या ७००० मालिकेत, अक्षर नसलेल्या प्रोसेसरमध्येही कामापुरते ग्राफिक्स आले, तर ७५००एफ मधून ते पुन्हा गेले. एका कंपनीचा ठोकताळा दुसरीला लावता येत नाही, इतकेच काय, एकाच कंपनीच्या दोन मालिकांनाही लावता येत नाही. सामान्य ग्राहकाने हे सारे पाठ करावे, ही अपेक्षा मला तरी अवाजवी वाटते.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये वस्तूच्या दर्जाची माहिती मिळण्याचा हक्क नमूद आहे. संगणक विक्रेत्यांनी कोटेशनवर आणि बिलावर अक्षरासह पूर्ण मॉडेल क्रमांक लिहावा, आणि 'डिस्प्लेसाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड लागेल' किंवा 'लागणार नाही' ही ओळ त्याखाली मराठीत घालावी, अशी माझी विनंती आहे. त्यांच्या संघटनांनी कोटेशनचा छापील नमुनाच तसा केला, तर काउंटरवरच्या नव्या मुलालाही ते विसरता येणार नाही. माझा संगणक सध्या भाच्याने काढून ठेवलेल्या जुन्या कार्डावर चालू आहे.

आपला,
एक वाचक, पुणे