वहिनीचं क्रिएटिनिन आणि तू

प्रिय सुध्या,

तुझा मेसेज वाचला. वहिनी किडनी खराब होईल म्हणून टॅक्रोलिमस, ती प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी, सोडायचं म्हणून राहिली आणि तू म्हणतोस रिपोर्ट तर नॉर्मल आहे, उगाच घाबरते. मला दोघांचंही पटलं नाही बे.

आधी तिचं. तिचा ल्युपस, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच अंगावर उलटते तो आजार, किडनीतच आहे, गोळी आपल्या मनानं सोडली तर तोच आजार किडनी खाईल. पण भीती खोटी नाही. टॅक्रोलिमस काय अन् सायक्लोस्पोरिन काय, एकाच घराण्यातले, किडनीत रक्त नेणारी बारीक नळी आवळतात, नळाची चावी अर्धी फिरवल्यासारखं, मग रक्त कमी गाळलं जातं आणि क्रिएटिनिन, किडनी बाहेर टाकते तो रक्तातला कचरा, चढतं. लवकर लक्षात आलं अन् डॉक्टरांनी डोस कमी केला की बऱ्याचदा परत खाली येतं, वर्षानुवर्षं तसंच चाललं तर मात्र आत कायमचे व्रण पडतात.

आता तुझं नॉर्मल. मी लॅबमध्ये बसतो, रोज बघतो, लोक फक्त आकडा ठळक छापलाय का तेवढं पाहतात अन् घरी जातात. औषध सुरू व्हायच्या आधी वहिनीचं क्रिएटिनिन 0.7 होतं, आता 1.0. रेंजमध्ये आहे, हो, पण तिच्या स्वतःच्या आकड्यापेक्षा 40 टक्क्यांहून जास्त वाढलंय! सायक्लोस्पोरिनवाल्यांमध्ये 30 टक्क्यांच्या वर गेलं की डोस कमी करायचा विचार होतो, मग हे कसं सोडून द्यायचं? आणि हे औषधानं की ल्युपसनं, ते एकट्या क्रिएटिनिनवरून कळत नाही, लघवीतलं प्रोटीन, रक्तपेशी, औषधाची रक्तातली लेव्हल, सगळं सोबत पाहावं लागतं, कधी बायोप्सी पण, म्हणजे किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणं. लेव्हलचं रक्त सकाळच्या गोळीआधी द्यायचं हं, गोळी नंतर.

एक विचार तिला, गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक, ती दुखण्याची गोळी, घेऊन राहिली का? ते पण किडनीचं रक्त कमी करतं, दोन्ही मिळून फार वाईट. अँटिबायोटिक क्लॅरिथ्रोमायसिन, बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल, बीपीचं डिल्टियाझेम यांनी टॅक्रोलिमसची लेव्हल वाढते, म्हणून कुठल्याही डॉक्टरकडे गेली तरी ही गोळी चालू आहे हे आधी सांगायचं. ग्रेपफ्रूट, पपनस बंद, त्यांनी पण लेव्हल वाढते. आपली संत्री त्यातली नाही, पण या औषधानं पोटॅशियम वाढू शकतं, वाढलं असेल तर संत्र्याचं पण विचारून.

आणि नवतपा, ते नऊ दिवसांचं कडक ऊन, येऊन राहिला. जुलाब लागले तर अंगातलं पाणी जातं अन् वरून टॅक्रोलिमसची लेव्हल चढते, त्या दिवशी वाट बघायची नाही, लगेच फोन करायचा डॉक्टरांना. बीपी घरी मोजत जा.

औषध सुरू व्हायच्या आधीपासूनचे सगळे रिपोर्ट काढ, तारखेनं लाव अन् मला फोटो पाठव, मी एका कागदावर आकडे ओळीनं लिहून देतो, तो कागद याच आठवड्यात तिच्या डॉक्टरांपुढे ठेवा. तोवर गोळी चालूच.

तुझा,
बाळ्या