चिलरच्या निविदेत स्टार्टरला एकच ओळ का?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उन्हाळा तापला की मराठवाड्यातील एखाद्या रुग्णालयाची, नाट्यगृहाची किंवा शीतगृहाची यंत्रणा बंद पडल्याच्या बातम्या वाचायला मिळतात आणि दोष बहुधा 'मशीन जुने झाले' किंवा 'व्होल्टेज कमी होते' यांपैकी एकावर टाकून विषय संपवला जातो. छत्रपती संभाजीनगर आणि जालना परिसरातील कारखान्यांत व मोठ्या इमारतींत विद्युत देखभालीचे काम केल्यामुळे मला असे वाटते की, यांतील बऱ्याच बिघाडांचे मूळ चिलरच्या, म्हणजे थंडाव्यासाठी पाणी गार करणाऱ्या यंत्राच्या, कॉम्प्रेसरमध्ये नसून त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या स्टार्टर पॅनेलमध्ये, म्हणजे मोटर सुरू करणाऱ्या पेटीत, असते. निविदेत चिलर किती टनांचा (टन हे थंड करण्याच्या क्षमतेचे माप) आणि कोणत्या वायूवर चालणारा हे पानभर लिहिलेले असते; स्टार्टरच्या वाट्याला मात्र 'योग्य क्षमतेच्या स्टार्टरसह' एवढीच ओळ येते. मग सर्वांत कमी दराचा पुरवठादार सर्वांत स्वस्त स्टार्टर बसवतो आणि कागदोपत्री त्याचे काहीही चुकलेले नसते.

डीओएल (मोटर थेट लाइनवर सुरू करणारा स्टार्टर) आणि स्टार-डेल्टा (आधी कमी, मग पूर्ण व्होल्टेज देणारा) हे शब्द आपल्याकडच्या शेतकऱ्याला नवे नाहीत, विहिरीवरच्या पेटीत तो ते रोज पाहतो. चिलरमध्ये तत्त्व तेच असते, आकडे मात्र छाती दडपवणारे असतात. ४१५ व्होल्टवरील २०० किलोवॅटची मोटर पूर्ण भारावर साधारण ३३५ अँपिअर घेते. ती थेट लाइनवर सुरू केली, तर पहिले काही सेकंद सहापट, म्हणजे सुमारे २,००० अँपिअर ओढते. केव्हीएमध्ये, म्हणजे जनरेटर-रोहित्राची क्षमता ज्या एककात मोजतात त्यात, हा आकडा १,४००च्या पुढे जातो. स्टार-डेल्टामध्ये लाइनवरचा करंट एक-तृतीयांशावर, म्हणजे ६७० अँपिअरच्या आसपास येतो, पण सुरुवातीचा जोरही एक-तृतीयांशच मिळतो. स्क्रू कॉम्प्रेसर आपला स्लाइड व्हॉल्व्ह मोकळा ठेवून आणि सेंट्रिफ्युगल कॉम्प्रेसर तोंडावरच्या पात्या मिटून जवळजवळ बिनभाराने सुरू होत असल्यामुळे तेवढा जोर पुरतो. खरी अडचण स्टारमधून डेल्टात जाताना येते. साध्या स्टार-डेल्टात मोटर तेवढा क्षण लाइनपासून सुटते आणि पुन्हा जोडली जाताना बसणारा झटका थेट सुरू करण्याइतका, प्रसंगी त्याहूनही मोठा असू शकतो. मोटरने वेग धरण्यापूर्वीच टायमर तिला डेल्टात ढकलत असेल, तर स्टार-डेल्टा बसवल्याचा फायदाच उरत नाही.

सक्षम रोहित्रावर हा झटका निभावून जातो, जनरेटरवर निभावत नाही. समजा, एखाद्या रुग्णालयात ५०० केव्हीएचा जनरेटर आहे आणि त्यावर दिवे, लिफ्ट व शस्त्रक्रियागृह आधीच चालू आहे. वर सांगितलेली मोटर स्टारमध्येच सुमारे ४८० केव्हीए मागते, तेव्हा व्होल्टेज कोसळते, इतर पॅनेलमधील कॉन्टॅक्टर (विजेच्या जोरावर धरून राहणारे स्विच) सुटतात आणि चिलरबरोबर बाकीचेही बंद होते. त्यानंतर कुणीतरी 'जनरेटर मोठा घ्या' असे सुचवतो. एवढ्या खर्चाचा काही भाग आधीच व्हीएफडी (मोटरचा वेग हळूहळू वाढवणारे आणि कमी-जास्त करणारे उपकरण) घेण्यात घातला असता, तर मोटर आपल्या पूर्ण भाराच्या करंटच्या आतच सुरू झाली असती आणि आहे तोच जनरेटर बहुधा पुरला असता.

याचा अर्थ प्रत्येक ठिकाणी व्हीएफडीच हवी, असा मुळीच नाही. विक्रेते सांगतात त्यांतील दोन गोष्टी तर सरळ खोडून काढल्या पाहिजेत. पहिली, सॉफ्ट स्टार्टरमुळे (व्होल्टेज हळूहळू वाढवत मोटर सुरू करणाऱ्या स्टार्टरमुळे) वीजबिलातला कमाल मागणीचा आकार कमी होतो ही. मीटर कमाल मागणी काही मिनिटांच्या सरासरीवर मोजतो. सुरू होतानाचा काही सेकंदांचा करंट त्यात जवळजवळ विरून जातो. सॉफ्ट स्टार्टर यंत्राचे धक्के आणि व्होल्टेजची घसरण कमी करतो, जे पुष्कळ आहे, पण मोटर पूर्ण वेगात आली की तो बायपास होतो आणि वीज वाचवत नाही. दुसरी, व्हीएफडीने वेग ८० टक्क्यांवर आणला की वीज निम्मी लागते ही. गणित म्हणून ते बरोबर आहे, परंतु कॉम्प्रेसरला वायू बाहेरच्या उष्णतेविरुद्ध जास्त दाबावर ढकलायचा असतो. बाहेर ४२-४३ अंश असताना हवेवर थंड होणाऱ्या चिलरचा वेग तितका खाली आणताच येत नाही. बचत डिसेंबरच्या रात्री मिळते, मे महिन्याच्या दुपारी नाही. चोवीस तास एकाच भारावर चालणाऱ्या कारखान्याच्या चिलरला व्हीएफडी लावली, तर तिच्या स्वतःच्या तोट्यापोटी दोन-तीन टक्के वीज उलट जास्तच जाते. तिथे चांगला सॉफ्ट स्टार्टर पुरेसा आहे.

मराठवाड्यात या प्रश्नाला पाण्याचीही एक बाजू आहे. आपला कोरडा उन्हाळा कूलिंग टॉवरला (चिलरचे तापलेले पाणी हवेत निववणाऱ्या मनोऱ्याला) खरे तर फार मानवतो, आणि पाण्यावर थंड होणारा चिलर टनामागे साधारण ०.६ ते ०.७ किलोवॅटमध्ये काम भागवतो. पण ३०० टनांच्या चिलरच्या टॉवरमधून पूर्ण भारावर तासाला सुमारे १,८०० ते २,००० लिटर पाणी वाफ होऊन जाते. २०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे एवढे पाणी कोणी हवेत सोडणार नाही. म्हणून आपण हवेवर थंड होणारे चिलर घेतो, ज्यांना टनामागे एक किलोवॅटहून बरीच जास्त वीज लागते. साहजिकच मोटर मोठी, करंट मोठा आणि स्टार्टरची निवडही तितकीच महत्त्वाची ठरते.

त्यातून पॅनेल ठेवले जाते गच्चीवर, पत्र्याच्या शेडमध्ये, पश्चिमेच्या उन्हात. बहुतेक व्हीएफडी ४० अंशांपर्यंतच्या भोवतालासाठी पूर्ण क्षमतेच्या धरलेल्या असतात आणि त्यापुढे त्यांची क्षमता कमी धरावी लागते. आतील कपॅसिटरचे आयुष्य तर तापमान दर दहा अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते. पंख्याची जाळी धुळीने बंद झालेली असेल, तर एप्रिलमध्ये येणाऱ्या 'ओव्हर टेंपरेचर' ट्रिपसाठी महावितरणला बोल लावण्यात अर्थ नाही.

नियंत्रणाचा भाग तर त्याहून दुर्लक्षित आहे. वळवाच्या वाऱ्यात फीडर दोन-तीनदा जातो आणि येतो. शेतीपंपांचे ऑटोस्विच काढा असे आवाहन महावितरण करते, कारण वीज येताच सगळे पंप एकदम सुरू झाले की व्होल्टेज बसते. हाच नियम एका इमारतीतील दोन-तीन चिलरना लागू आहे. ते एकामागून एक, ठरलेल्या अंतरानेच सुरू झाले पाहिजेत आणि तापलेली मोटर लगेच पुन्हा सुरू होऊ न देणारा टायमर कोणी शून्यावर आणता कामा नये. नियंत्रकाला छोटा यूपीएस दिला, तर वीज गेल्यावर तो नव्याने जागा होण्यात मिनिटे घालवत नाही. रुग्णालयात या मिनिटांना किंमत आहे.

सर्वांत चीड येते ती तारेच्या तुकड्याची. तीन फेजांच्या व्होल्टेजमधील असमतोल मोटरच्या करंटमध्ये सहा ते दहा पटींनी दिसतो आणि वाइंडिंग तापते, म्हणूनच फेज आणि असमतोल पाहून मोटर बंद करणारा रिले दिलेला असतो. तो वारंवार ट्रिप होतो म्हणून त्याला जंपर मारणे, म्हणजे तारेचा तुकडा जोडून तो निकामी करणे, हा उपाय नव्हे. पाण्याच्या फ्लो स्विचलाही असाच जंपर मारलेला मी एका मोठ्या संस्थेत पाहिला आहे; पाणी थांबले आणि कॉम्प्रेसर चालू राहिला, तर आत बर्फ होऊन नळ्या फुटतात, मग पाणी वायूच्या बाजूला शिरून सारे यंत्रच निकामी होते.

सार्वजनिक बांधकाम विभागाची विद्युत शाखा, महापालिका, बाजार समित्या आणि रुग्णालयांच्या विश्वस्तांना माझी विनंती आहे की, निविदेत स्टार्टरचा प्रकार, सुरू होतानाचा कमाल करंट, पॅनेलच्या जागेचे कमाल तापमान आणि वीज परतल्यावरचा क्रम स्पष्ट लिहावा, आणि व्हीएफडी घेतली तर हार्मोनिक्स (तिच्यामुळे वीजपुरवठ्यात येणारी विकृती) आटोक्यात ठेवणारा चोक किंवा फिल्टरही त्याच किमतीत मागावा. अंतिम बिल देण्यापूर्वी इमारतीचा बाकीचा भार चालू ठेवून, मुख्य पुरवठा तोडून, चिलर जनरेटरवर प्रत्यक्ष सुरू करून दाखवण्याची अट घालावी. शक्य असल्यास ही चाचणी मे महिन्याच्या दुपारी घ्यावी.

आपला,
एक निवृत्त विद्युत पर्यवेक्षक,
छत्रपती संभाजीनगर