आज्जीचं गोंदण पुसू नका

पुणे, रविवार

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, स्टुडिओवाल्यानं केलेला आज्जीचा फोटो तुम्ही काल पाठवलात. फोनवर मी 'छान झालाय' म्हणाले, ते खोटं होतं. रात्रभर झोप लागली नाही, म्हणून हे पत्र.

त्या फोटोत आज्जीच्या हनुवटीवरचं गोंदण नाही. कपाळावरचंही नाही. डाग समजून पुसून टाकलंय. सुरकुत्या गेल्या, अंगावर कुणाची तरी गुलाबी साडी चढली. चिमीला दाखवला, तर 'ही कोण?' म्हणाली. बाबा, आज्जीच्या हनुवटीवरचे तीन ठिपके बोटानं मोजत झोपणारी पोर ही. मला तिथेच रडू फुटलं.

तुम्ही मायेनंच केलंत. आपली आई चारचौघांत नीटनेटकी दिसावी, एवढंच तुमच्या मनात होतं. पण आज्जाच्या वेळीही असंच झालं ना? सोप्यातल्या फोटोत त्यांच्या अंगात काळा कोट आहे. लग्नाच्या ग्रुपफोटोतला चेहरा घेऊन मोठा केला आणि कोट वरून रंगवला, हे आईनंच सांगितलं होतं. आज्जा गेले तेव्हा मी पाच वर्षांची. मला आठवतो तो हा कोटच, आणि त्यांनी तर जन्मात कोट घातला नाही.

दिवाळीत आले तेव्हा माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उघडली होती. एरवी आज्जी हात लावू द्यायची नाही. 'थांब गे, मी दाखवतो,' म्हणायची. आपल्या बेळगावकडच्या बायका बोलतात तसं, मी येतो, मी करतो. पुण्यात राहून माझं 'मी येते' झालं, आणि ती गेल्यापासून घरात 'मी येतो' म्हणणारं कुणी उरलं नाही. फोटोत आवाज येत नाही, याचंच फार वाईट वाटतं.

त्या ट्रंकेत तुमच्या मामांच्या अ‍ॅग्फा क्लिक-३ नं काढलेले चौकोनी फोटो आहेत. एका रोलवर बाराच निघायचे, म्हणजे काय काढायचं ते नीट ठरवूनच बटण दाबलं असणार. त्यातला एक खळ्यावरचा, भाताच्या मळणीचा. मागे राजहंसगड, अजून मोकळा. महाराजांचा पुतळा तिथे २०२३ साली आला. पुढे आज्जा बाह्या दुमडून पिंजर झाडतायत. त्या कॅमेऱ्याचं शटर सावकाश, म्हणून त्यांचे हात धूसर झालेत. चिमी त्यांना 'हलणारे पणजोबा' म्हणते. एवढ्या वर्षांत आज्जा मला पहिल्यांदा कुणीतरी माणूस वाटले.

दुसऱ्या एका फोटोच्या मागे फक्त '१ नोव्हेंबर' लिहिलंय. बेळगाव महाराष्ट्रात घेतलं नाही म्हणून निषेधाची, काळ्या दिवसाची फेरी १९५६ पासून दरवर्षीच निघते, मग साल कसं कळायचं? बाबा, तुम्ही दंडाला काळी फीत बांधून आज्जाचं बोट धरलंय. तेव्हा कितवीत होता, तेवढं सांगा.

चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका, फाटतील. पान तसंच खिडकीपाशी उजेडात ठेवून मोबाईलवर घ्या. नावं मागच्या बाजूला, शिसपेननं आणि हलक्या हातानं. बॉलपेन नको, त्याचा वळ पुढे उठतो. निगेटिव्ह टाकू नका. दर रविवारी तीन-चार पाठवा, आई नावं सांगेल, मी इकडे लिहून ठेवेन. चिमीलाही जवळ बसवेन.

वर्षश्राद्धाला अजून तीन आठवडे आहेत. भिंतीवर मी काढलेला फोटो लावूया, पडवीत सूप घेऊन बसलेला. पदर घसरलाय, एक डोळा उन्हानं मिटलाय, गोंदण स्वच्छ दिसतंय. पाहुणे काही म्हणाले तर माझं नाव सांगा. शेजारी आज्जाचा खळ्यावरचा लावू. कोटवाला काढून टाका असं म्हणत नाही. आज्जीनं त्याच्यापुढे इतकी वर्षं उदबत्ती लावलीय.

आणि आई, खळ्यावरच्या फोटोत कडेला एक पाठमोरी बाई आहे. डोक्यावर पाटी, काष्टा घातलेला. आज्जीच आहे का ती? भिंग घेऊन बघ आणि लगेच फोन कर.

तुमची,
ताई