व्हाइसच्या हँडलला पाइप नको

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

उद्योगाच्या पानांवर सीएनसी आणि रोबोटबद्दल बरंच छापून येतं. मात्र छोट्या वर्कशॉपमध्ये मिलिंगच्या व्हाइसवर (जॉब पकडायच्या शिकंजावर) आजही बिडाचं सैल हँडल आणि त्यात घालायला दीड फुटी पाइप, ही जोडी दिसते. त्याबद्दल थोडं.

हँडल सुधारणं म्हणजे लांब करणं नव्हे. स्क्रूचा पिच (एका फेऱ्यात सरकण्याचं अंतर) 5 मिमी, हँडल 150 मिमी आणि हाताचा जोर 20 किलो धरा. घर्षणात सत्तर टक्के गेले तरी जॉमध्ये (व्हाइसच्या जबड्यात) 1,100 किलोच्या आसपास दाब येतो. बहुतेक जॉबना तो पुरतो. पाइप घालून लांबी 450 मिमी केली की दाब तिप्पट. मग साध्या व्हाइसचा सरकता जॉ वर उचलतो, जॉबखालच्या आधारपट्ट्या, म्हणजे पॅरलल, ढिले पडतात, पातळ जॉब कमानीसारखा वाकतो आणि खोलल्यावर गुण्यात (काटकोनात) राहत नाही. दोष मात्र कटरला दिला जातो. हातोडीनं हँडल ठोकणं त्याहून वाईट: स्क्रूचा रेटा झेलणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगच्या रेसवर (गोळ्या फिरतात त्या कड्यांवर) खड्डे पडतात आणि स्क्रू अडखळत फिरतो.

खरी दुरुस्ती हँडल स्क्रूच्या टोकावर नीट बसण्यात आहे. टोक हेक्स (षटकोनी) असेल तर समोरासमोरच्या बाजूंच्या तिन्ही जोड्यांवर व्हर्नियर लावा, तोंडाशी आणि आतही. मग सहा कोनांचं सॉकेट घ्या. बारा कोनांचं घेऊ नका, ते कडांवरच पकडतं आणि कडा मारतं. चौकोनी टोकाला चौकोनी सॉकेट मिळालं तर उत्तम. नाहीतर ते स्वतः बनवा: मध्ये भोक, कोपऱ्यांत 3 मिमीची चार भोकं आणि कानस. ढिलाई 0.1 ते 0.15 मिमी, जास्त नको.

19 मिमीच्या सॉकेटसाठी हब (सॉकेट आणि दांडा धरणारा मधला गोल तुकडा) ईएन 8 पोलादाचा, 40 मिमी व्यास, 60 मिमी लांब. सॉकेटचा बाहेरचा व्यास मोजून हबचा बोअर (आतलं भोक) 0.02 ते 0.03 मिमी कमी ठेवा, म्हणजे सॉकेट दाबून घट्ट बसतं, 30 मिमी खोल. त्यामागे 14 मिमीचा 10 मिमी खोल पोकळ भाग आणि त्यात आडवं 6 मिमीचं भोक, चिप्स आणि कूलंट बाहेर पडायला. हे भोक बहुतेक जण विसरतात. आत चिप्स साचल्या की सॉकेट अर्धंच बसतं आणि अर्ध्या पकडीत कडा मरतात. लोहचुंबक बसवायची हौस याच कारणानं टाळावी. कास्ट आयर्नचा भुसा तो ओढून घेतो.

दांडा 12 मिमी ब्राइट बारचा (गुळगुळीत पोलादी सळईचा), हबच्या मागच्या टोकापासून 10 मिमीवर आडवा, सपाटी करून एम 6 ग्रब स्क्रूनं (बिनडोक्याच्या स्क्रूनं) पकडलेला. वेल्डिंग करायचंच असेल तर सॉकेट दाबण्याआधी करा, त्याचं हार्डनिंग उतरायला नको. टोकाला फिरती मूठ. या दांड्यावर कुणी पाइप घातलाच तर दांडा वाकतो, स्क्रू वाचतो. तेच बरं. लांबी ठरवण्याआधी हँडल पूर्ण फेरा फिरतं का, टेबलाच्या लॉकला किंवा टी-बोल्टला अडतं का, ते पाहावं.

व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलच्या, बंदिस्त सीएनसी मशिनवर) एक बदल करा. पोकळीत हलकी स्प्रिंग आणि तिच्या तोंडावर वॉशर बसवा. हात सोडला की हँडल स्क्रूवरून बाहेर ढकललं जातं, त्यामुळे ते तसंच राहून टेबल सरकताना दाराच्या पत्र्याला भिडत नाही.

आपले,
टूलरूममधील दोन मशिनिस्ट, भोसरी