वेंगुर्ला रॉक्सवर उतरायला बंदी घाला, होडीतून पाहू द्या

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय नमस्कार.

आमच्या जिल्ह्यातले नांदूर मध्यमेश्वर हे पक्षी अभयारण्य 2020 मध्ये राज्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाले, याचा आम्हा नाशिककर पक्षीनिरीक्षकांना अभिमान आहे. हे पत्र मात्र सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याजवळ समुद्रात असलेल्या वेंगुर्ला रॉक्स या खडकाळ बेटांबद्दल आहे. विणीच्या हंगामात या बेटांवर कोणालाही उतरू देऊ नये, अगदी आम्हालाही, ही आमची मागणी आहे.

नांदूरला बदके येतात ती चरायला. बिचकली तर पलीकडच्या काठाला जाऊन बसतात. बेटांवरच्या सुरय या समुद्रपक्ष्यांचे तसे नाही. पक्षीअभ्यासक ए. ओ. ह्यूम यांनी 1875 मध्येच या खडकांना भेट दिली होती, आणि आजही सुरय तिथे विणीसाठी येतात. ते घरटे बांधत नाहीत, उघड्या खडकावर किंवा कपारीत बहुधा एकच अंडे घालतात. माणूस उतरला की अख्खी वसाहत हवेत उठते. मे महिन्यात तो खडक तव्यासारखा तापलेला असतो. तेव्हा पक्षी अंड्यावर बसतो तो मुख्यतः सावली धरायला, त्यामुळे उघडे पडलेले अंडे उन्हाने मरते. पिल्ले सैरावैरा पळतात, भेगांत पडतात, शेजारच्या जोडीच्या जागेत शिरून टोचून मारली जातात. गुहांतल्या पाकोळ्यांची लाळेने चिकटवलेली घरटी तर सूपसाठी चोरली गेली आहेत, म्हणून गुहांना बंदी बारमाही हवी.

पाहायचे कसे? होडीतूनच. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या मतलई वाऱ्यावर शिडाची होडी बाहेर पडते. दुपारचा खारा वारा परत आणतो खरा, पण तो वाढला की लाटाही वाढतात, तेव्हा ऊन चढण्याआधी माघारी फिरावे. खडकाच्या आडोशाला वारा पडतो, शीड लोंबते आणि खडकावर आपटून परतलेल्या लाटा होडी भलतीकडेच ढकलतात. म्हणून शीड आधीच उतरवून मंद इंजिनावर, किमान 100 मीटर अंतर राखून फेरी मारावी. खडकाळ तळात नांगर अडकतो, तो टाकूच नये. दुर्बीण आठपट पुरे, कारण डोलत्या होडीत दहापटीचे चित्र स्थिर राहत नाही. ड्रोनला पूर्ण मनाई हवी.

एप्रिल ते सप्टेंबर उतरण्यास बंदी करावी. दीपगृहाच्या कर्मचाऱ्यांना सूट द्यावी, पण त्यांच्या होडीतले सामान उंदरांसाठी तपासूनच चढवावे. एक गाभण उंदरीण बेटावर पोचली, तरी वसाहतीचा घात होऊ शकतो. दीपगृह केंद्राच्या अखत्यारीत असल्याने आदेश दोन्ही सरकारांचा लागेल. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 36अ नुसार स्थानिकांशी सल्लामसलत करून सरकारी जागेला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देता येतो. त्या चर्चेत वेंगुर्ला आणि निवतीच्या होडीवाल्यांना पहिली जागा द्यावी. फेरीचे परवाने त्यांनाच मिळाले तर अंतराचा नियमही तेच पाळून घेतील. उन्हाळी सुट्टीची नोंदणी आधीच सुरू होते, म्हणून हा आदेश फेब्रुवारीपूर्वी निघावा.

आपले नम्र,
नाशिकचे पक्षीनिरीक्षक