सुपरमधून फ्लॅट घेताना हमीपत्र कोण वाचतो?

महोदय,

ऑस्ट्रेलियातल्या मराठी घरांत चार माणसे जमली की हल्ली हा विषय निघतोच: स्वतःचा सुपर फंड सुरू करायचा, फंडाच्या नावे कर्ज घ्यायचे आणि फ्लॅट घ्यायचा. सुपर म्हणजे साधारण आपला पीएफ. कंपनी पगाराच्या 12 टक्के रक्कम त्यात भरते आणि एरवी साठीच्या आत तिला हात लावता येत नाही. 'पैसा नुसता पडून आहे, त्यापेक्षा जागा घ्या', असे पुण्या-नाशिकचे आईवडीलही फोनवर सांगतात. म्हणून हे पत्र आपल्याकडे.

आम्ही दोघांनी 2016 मध्ये हेच केले. हप्ते थकले तर कर्ज देणारा फक्त फ्लॅट घेऊ शकतो, फंडातले बाकीचे पैसे सुरक्षित, असे विकणाऱ्याने सांगितले. ते खोटे नव्हते. 2007 पासून कायद्याने अशा कर्जाला मुभा आहे ती याच अटीवर. पण कर्जाच्या कागदांत आम्हा दोघांची वैयक्तिक हमीही होती. कायद्याचे कवच फंडाला होते, आमच्या राहत्या घराला नाही. सह्या करताना याविषयी कुणी चकार शब्द काढला नाही आणि आम्ही विचारलेही नाही.

करबचतीचेही तसेच. भाड्यापेक्षा व्याज जास्त झाले की तोटा पगारातून वजा होतो, ही सवय आपल्याला स्वतःच्या नावावरच्या घराची. फंडातला तोटा फंडातच राहतो, आणि फंडाचा कर मुळात 15 टक्के, त्यामुळे वाचते ते थोडेच.

मे 2022 ते नोव्हेंबर 2023 या काळात इथल्या, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या रिझर्व्ह बँकेचा व्याजदर 0.10 वरून 4.35 टक्क्यांवर गेला. त्याच सुमारास माझ्या यजमानांना आजारपणामुळे नोकरी सोडावी लागली. फंडात येणारी निम्मी रक्कम थांबली आणि हप्ता मात्र वाढत गेला. शेअर असते तर थोडे विकून वेळ निभावली असती. फ्लॅटची एक खोली काही विकता येत नाही. शेवटी मिळेल त्या भावाला सगळाच विकावा लागला.

एक गोष्ट तर आम्हाला फार उशिरा कळली. माझा भाचा इथे शिकायला आला तेव्हा फ्लॅट रिकामा होता. बाजारभावाने पूर्ण भाडे द्यायला तो तयार होता, तरी त्याला तिथे ठेवता आले नाही. फंडाच्या सदस्यांनी किंवा त्यांच्या नातेवाइकांनी अशा घरात राहणे नियमात बसत नाही.

सरकारने वित्तव्यवस्थेच्या आढाव्यासाठी नेमलेल्या डेव्हिड मरे यांच्या चौकशी समितीने 2014 मध्येच असे कर्ज बंद करण्याची शिफारस केली होती. सरकारने पुढच्या वर्षी ती नाकारली. मग 2018 मध्ये वेस्टपॅक आणि कॉमनवेल्थ बँकेने स्वतःहून नवी कर्जे थांबवली. ज्या धंद्यातून मोठ्या बँका बाहेर पडल्या, त्यात लोकांनी म्हातारपणाची पुंजी घालावी म्हणून आजही चर्चासत्रे भरतात, याचा मला मनापासून राग येतो. सरकारने ती शिफारस पुन्हा विचारात घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

तोवर ज्यांची मुले इथे आहेत त्यांना एवढीच विनंती: 'जागा घ्या' म्हणण्याआधी, हमीपत्र कुणी वाचले ते त्यांना विचारा. फ्लॅट विकणाऱ्याने सुचवलेला वकील नको, आपण शोधलेला हवा.

आपली नम्र,
एक वाचक, सिडनी