हिरडा, बाभूळ आणि कोलॅजेन

कोल्हापूर

प्रिय दिग्या,

फोनवर तू 'मीटिंगमध्ये आहे' म्हणतोस, म्हणून हे पत्र. गेल्या आठवड्यात विद्यापीठात बाहेरून आलेल्या एका केमिस्ट बाईंचं जैवरेणूंवर व्याख्यान झालं. शाल-श्रीफळ, परिचय वगैरे तू ओळखून घे. सुरुवात २०२४ च्या नोबेलनं : बेकर, हसाबिस, जंपर, प्रथिनाची घडी संगणक सांगतो ते. पोरं मोबाइलवर. मग बाईंनी कोलॅजेनचा, म्हणजे कातड्या-हाडांतल्या मुख्य प्रथिनाचा, विषय काढला आणि मी सावरून बसलो.

एमएस्सीला आपण रामचंद्रन प्लॉट, प्रथिनाच्या साखळीला कुठले कोन जमतात त्याचा नकाशा, घोकला होता, तो १९६३ चा. त्याआधी १९५४ मध्येच रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी मद्रासला बसून कोलॅजेनची तिहेरी रचना मांडली होती. तीन साखळ्या, तीन पेडी दोरासारख्या एकमेकींत वळलेल्या. आत इतकी दाटी की दर तिसऱ्या जागी ग्लायसीन हे सगळ्यात लहान अमिनो आम्लच लागतं. त्याच्या बाजूला नुसता हायड्रोजन असतो; दुसरं कुणी तिथं मावत नाही. त्यातलं एखादं बदललं तरी जन्मतः हाडं ठिसूळ होण्याचा आजार होऊ शकतो.

प्रश्नोत्तरांत सुभाषनगरच्या एका पोरानं विचारलं, "मॅडम, कमावलेलं चामडं कुजत नाही ते का?" घरचा चपलांचा धंदा. लेका, अख्ख्या कार्यक्रमात हाच प्रश्न कामाचा!

बाईही खूश झाल्या. चहाच्या वेळी त्याला बाजूला घेऊन त्यांनी कागदी कपावरच पेनानं हिरड्यातल्या गॅलिक आम्लाचं वलय आणि त्यावरचे तीन ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजन) गट काढून दाखवले. कच्चं कातडं साधारण ६५ अंशांच्या पाण्यात आक्रसतं, कारण तिन्ही पेड सुटतात. आणखी उकळलं की जिलेटिन. पायाचा रस्सा सकाळी थिजलेला असतो, तो यामुळंच. हिरड्यातली नि बाभळीच्या सालीतली टॅनिनं, म्हणजे तुरट द्रव्यं, अशाच ओएच गटांनी कोलॅजेनला हायड्रोजन बंधांत बांधतात. मग जंतूंच्या एन्झाइमांना ते सहजी तोडता येत नाही, आणि आक्रसायचं तापमानही वर चढतं. पोरगं म्हणालं, "आमचे आजोबा साल किती दिवस ठेवायची ते वासावरून सांगायचे." बाईंनी ते वहीत टिपून घेतलं. मला माणूस तिथं पटला.

आता कामाचं. तुझ्या लॅबमध्ये डीएससी मशीन, तापवताना पदार्थ किती उष्णता घेतो ते मोजणारं, आहे ना? साहेबांना विचारून ठेव. कच्च्या आणि कमावलेल्या कातड्याचे तुकडे पाठवतो, दोन्हींचं आक्रसायचं तापमान काढून दे. त्या पोराला प्रोजेक्ट तिथूनच सुरू करता येईल. वहिनींना नमस्कार, आणि कच्च्याच्या वासावरून मला शिव्या घालू नकोस.

तुझा,
बाळ्या